मुकुंदरावांची लाल पेन्सिल

नंबर न घातलेला कागद मुकुंदराव भालकीकरांना बघवत नसे. हैदराबादेत आबिड्सला एका वकिलाच्या ऑफिसात ते चाळीस वर्षं मुन्शीगिरी करत आले. वकील कोर्टात उभे राहून बोलतात, नाव त्यांचं होतं. पण कागद क्रमानं लावायचे, दोऱ्यानं शिवायचे, तारखा धरायच्या, लिफाफ्यावर लाख ओतून पितळी शिक्का मारायचा, हे सगळं मुन्शीचं. आणि मुकुंदरावांचा तर पानावर नंबर घालण्यात हात धरणारा कोणी नव्हता. उजव्या कोपऱ्यात वर, लाल पेन्सिलीनं आकडा, आणि त्याभोवती गोल. तो गोल कधी पुरता मिटायचा नाही, खाली बारीकशी फट राहायची. बेगम बाजारातून ते डझनानं पेन्सिली आणायचे आणि एक कायम शर्टाच्या खिशात.

बरं, ऑफिसापुरतं असतं तर कोण काय म्हणणार? पण अंबरपेठेतल्या घरीही तेच. दुधाच्या डायरीला नंबर, लग्नाच्या अल्बममधल्या फोटोंना पाठीमागून नंबर. लग्नाला पंधरा दिवस झाले नव्हते तर नव्या नवरीची पाककृतींची वही घेऊन बसले आणि एक ते चौऱ्याऐंशी आकडे घालून मोकळे! भारतीबाई आज छत्तीस वर्षांनीही विचारतात, "आज चौदा नंबरची आमटी करू की बावीस नंबरचं भरीत?" आणि हे गृहस्थ गंभीरपणे म्हणतात, "चौदा."

त्या घरात एकाही कपाटाला कधी कुलूप लागलं नाही. किल्ल्या होत्या, सगळ्या एका डब्यात गंजत पडलेल्या. नवऱ्याचं पाकीट, बायकोची पर्स, सगळं उघड्यावर. मुकुंदराव हे चारचौघांत अभिमानानं सांगायचे, "आमच्यात लपवण्यासारखं काही नाही."

गेल्या श्रावणात ते बोलणं त्यांच्या घशात अडकलं.

झालं असं की पुण्याच्या एका मराठी न्यूज पोर्टलवर लेख आला. नाटककार रामचंद्र कोहिरकर वारून वर्ष झालं होतं, त्यानिमित्तानं. कोहिरकर मूळचे इथलेच. इथल्या मराठी शाळेत दोन वर्षं शिकवलं, मग पुण्याला गेले आणि नाव काढलं. लेखात लिहिलं होतं की त्यांच्या कागदांत एका बाईची सात पत्रं सापडली आहेत. बाई त्याच शाळेत शिक्षिका होत्या, सही नुसती 'भा.' अशी. पुढच्या रविवारपासून पत्रं क्रमानं छापणार.

त्या काळात त्या शाळेत 'भा' अक्षराची शिक्षिका एकच होती. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर संध्याकाळपर्यंत डोळे मिचकावणाऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस पडला.

भारतीबाईंनी फोन मुकुंदरावांपुढे ठेवला. लपवाछपवी नाही, रडणं नाही.

"पत्रं माझी आहेत," त्या म्हणाल्या. "लग्नाआधीची. शेवटचं तेवढं लग्नानंतर पंधरा दिवसांनी लिहिलेलं. मला ती छापून यायला नको आहेत. मला मेधाकडे घेऊन चला."

मेधाताई म्हणजे मुकुंदरावांच्या जुन्या वकीलसाहेबांची मुलगी, आता ऑफिस तीच चालवते. मुकुंदरावांना काका म्हणते.

"चल की," मुकुंदराव म्हणाले. पण 'लग्नानंतर' हा शब्द कानात जाऊन बसला होता. "आहे काय एवढं त्यात?"

"काही असो, नसो. माझं आहे. आणि अहो, एक अट आहे. तुम्ही ती वाचायची नाहीत. आत्ता नाही, केस चालू असताना नाही. पुढं कधी वाटलं तर मी स्वतः सांगेन. मला शब्द द्या."

"दिला. खामोखा परेशान होऊ नकोस."

दिला खरा. आणि त्या क्षणापासून पोटात जी आग पेटली ती काही विझेना! अहो, मेलेल्या माणसाचा मत्सर करण्यासारखी वाईट गोष्ट नाही. जिवंत असता तर त्याचं सुटलेलं पोट बघून समाधान मानता आलं असतं. मेलेला माणूस पोर्टलवरच्या फोटोत कायम तीस वर्षांचा, केस मागे वळवलेले, हातात सिगरेट. मुकुंदराव आरशात बघायचे आणि चष्मा काढून ठेवायचे.

त्यांना एक जुनी संध्याकाळ आठवली. कोहिरकरांचं गाजलेलं नाटक हैदराबादला आलं होतं तेव्हाची. त्यात ते खिडकीचं स्वगत. एक बाई खिडकीशी उभी राहून बोलते: 'खिडकी उघडी ठेवली की धूळ येते, बंद ठेवली की मी येत नाही.' त्यानंतर कित्येक गणेशोत्सवांत एखादी तरी मुलगी ते म्हणून दाखवायचीच. त्या दिवशी मुकुंदरावांनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. शेजारी भारती हात मांडीवर ठेवून बसलेली. "आवडलं नाही?" तर म्हणे, "डोकं दुखतंय." आणि हा भला माणूस मध्यंतरात धावत जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आला होता. आठवलं की आता अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दावा लागला. मेधाताईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, बाकीचं सगळं तुम्ही बघा, पण पत्रांना हात लावायचा नाही. काकूंनी मला तसं सांगितलंय."

"हौ, ठाऊक आहे मला," मुकुंदराव म्हणाले आणि तोंड फिरवलं. चाळीस वर्षांत या ऑफिसातला एक कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. खुनाच्या केसचे पाहिले, घटस्फोटांचे पाहिले. आणि स्वतःच्या बायकोचे तेवढे नाही!

कोर्टात पोर्टलच्या बाजूनं रितेश नावाचा पत्रकार यायचा. तिशीतला, सडपातळ, खांद्याला झोळी. कागदोपत्री बाईंचं नाव 'क्ष' असं ठेवलं होतं, त्यामुळे हा म्हातारा मुन्शी म्हणजे त्या बाईंचा नवरा, हे बिचाऱ्याला काय माहीत? पहिल्याच तारखेला व्हरांड्यात आपला जवळ येऊन म्हणतो, "काका, तुमच्या क्लायंट काय लिहितात हो! वाचता वाचता मी एकटाच हसत होतो. आणि मग डोळ्यांत पाणी."

मुकुंदरावांच्या मनात आलं, याच्या झोळीसकट याला जिन्यावरून ढकलून द्यावं. या पोरानं वाचलं! या काल जन्मलेल्या पोराला माहीत आहे भारती कशावरून हसवते. मला छत्तीस वर्षांत हसवलंय तिनं? आठवेना. चौदा नंबरची आमटी त्यांना या वेळीही आठवली नाही.

जज्जबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. मेधाताईनं बाजू मांडली: पत्र ज्याला पाठवलं त्याला फार तर कागद मिळतो, शब्द लिहिणारीचेच राहतात. माझी अशील नाटकात नाही, राजकारणात नाही, तिनं कधी लोकांपुढे यायचं ठरवलं नाही. एका माणसाला लिहिलेलं हजारोंनी का वाचावं?

पोर्टलचा वकील उठला. कोहिरकर सार्वजनिक माणूस, त्यांचं आयुष्य हा लोकांचा विषय, वर्तमानपत्राचं तोंड आधीच बांधून ठेवायचं तर उद्या कोणी काहीच छापू नये. जज्जबाईंनी त्याला मध्येच थांबवलं आणि विचारलं, "ही पत्रं नसली तर तुमच्या लेखात नेमकं काय कमी पडेल?"

वकिलानं रितेशकडे पाहिलं. रितेश उभा राहिला. "मॅडम, त्यांच्या नाटकातलं खिडकीचं स्वगत या बाईंच्या तिसऱ्या पत्रातून उचललेलं आहे. शब्दन् शब्द. तीस वर्षं टाळ्या त्यांना मिळाल्या. हे लोकांना कळायला नको का? बाईंनाच न्याय मिळेल."

भारतीबाई खाली बघत होत्या. मागच्या बाकावर मुकुंदरावांचे कान गरम झाले. म्हणजे त्या रात्री मी टाळ्या वाजवल्या त्या तिच्या वाक्यांना? आणि ती शेजारी गप्प बसली? त्याच्यासाठी? त्याचं नाव राहावं म्हणून?

आता खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मुकुंदरावांच्या मनात एक पाप शिरलं. पोर्टल जिंकावं, असं त्यांना वाटायला लागलं. शब्द मोडायला नको, कपाट उघडायला नको. रविवारी सकाळी सगळ्या जगाबरोबर आपल्यालाही फोनवर आयतं वाचायला मिळेल. आपल्याच बायकोच्या दाव्यात आपली बाजू पडावी म्हणून हा माणूस देवापुढे दिवा लावताना मागणं मागत होता. लाज वाटायची, पण मागणं काही थांबत नव्हतं.

जज्जबाईंनी हुकूम केला: निकालापर्यंत छापायचं नाही. मूळ पत्रं कोर्टात जमा करा. झेरॉक्सचा एक संच बाईंच्या वकिलाला द्या, बाईंनी तो पाहून आपलं म्हणणं ठरवावं. मग संच सीलबंद ठेवावा. सोमवारी माझ्या चेंबरमध्ये दोन्ही बाजूंसमोर उघडू.

भारतीबाईंनी गुरुवारी मेधाताईच्या खोलीत दार लावून पत्रं पाहिली. नंतर मेधाताईनं आत न बघताच लिफाफा बंद करून स्वतः लाख ओतली. मुकुंदराव दाराच्या फटीतून बघत होते आणि त्यांचा जीव तळमळत होता. लाख सांडली, शिक्का वाकडा बसला. लिफाफा लोखंडी कपाटात गेला. त्या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे? मुकुंदरावांकडे. पितळी शिक्का कोणाच्या खणात? मुकुंदरावांच्या.

शुक्रवारी दुपारी मेधाताई कोर्टात होती. मुकुंदरावांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि बंद केला. उठून कपाटापाशी गेले. परत आले. पाणी प्याले. मग मात्र ज्या सफाईनं त्यांनी ती लाख काढली ती बघून कोणाला वाटलं असतं की हा माणूस आयुष्यभर हेच करत आलाय.

आत पानं उलटसुलट लागलेली होती! कोणीतरी झेरॉक्स काढून तशीच कोंबली होती. तिसऱ्या पत्राचं दुसरं पान पाचव्यात, तारीख एकीकडे, सही भलतीकडे. वाचायचं कसं? मुकुंदरावांनी टेबल मोकळं केलं, तारखा पाहून पानं लावली आणि वाचायला बसले.

काय होतं त्यात? मिठ्या नाहीत, शपथा नाहीत. तसलं काही असतं तर बरं झालं असतं, निदान रागावून मोकळे झाले असते. होती ती एक बडबडी, खोडकर मुलगी. हेडमास्तरांच्या धोतराची नक्कल करणारी. बसमध्ये भांडणाऱ्या दोन बायकांचं दखनी बोलणं जसंच्या तसं लिहिणारी. नाटकात दुसरा अंक रडका झालाय, तो फाडून टाका, असं कोहिरकरांना बिनदिक्कत सांगणारी. आणि मध्येच, कशाशी काही संबंध नसताना, ते खिडकीचं. ही मुलगी मुकुंदरावांना कधीच भेटली नव्हती. माझ्याकडे आली ती कोण होती मग? हिला कुठं ठेवून आली?

शेवटचं पत्र एकाच पानाचं होतं. त्यांनी ते सगळ्यात सावकाश वाचलं.

'माझं लग्न झालं. घरची माणसं साधी आहेत. ह्यांनी परवा माझ्या पाककृतींच्या वहीला पहिल्यापासून शेवटपर्यंत नंबर घातले. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, एखादं पान हरवलं तर कळायला हवं ना. मला हसू आलं. आता पत्र पाठवू नका, मीही लिहिणार नाही.'

हसू आलं! मुकुंदरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याची टिंगल, आणि ती कोणापाशी, तर त्याच्यापाशी! ते पान त्यांनी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा नजर 'हसू' या शब्दावरच अडली. पुढचं वाक्य त्यांनी वाचलं, पण ते मनात शिरलं नाही.

मेधाताई यायची वेळ झाली होती. त्यांनी पानं ठोकून सारखी केली, लिफाफ्यात घातली, लाख वितळवली. आणि इथं त्यांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं: शिक्का मुद्दाम वाकडा मारला, लाखेचा एक थेंब मेधाताईनं सांडला होता तिथंच सांडला. लिफाफा उजेडात धरून पाहिला. वा! देवाच्या बापाला कळणार नाही.

सोमवारी चेंबरमध्ये वकील आणि पक्षकार आत गेले. मुकुंदराव बाहेर बाकावर. वेळ जात नाही म्हणून दुसऱ्या केसचे कागद मांडीवर घेतले आणि पेन्सिल काढली. एक. दोन. तीन. हात आपला चालला होता. डोकं आत, दाराच्या पलीकडे. नवव्या पानाशी त्यांनी सहज खाली पाहिलं आणि पेन्सिल जागीच थांबली. आकडा कधी घातला, गोल कधी काढला, काही आठवत नव्हतं. गेल्या चाळीस वर्षांत कधीच आठवलेलं नव्हतं. आणि शुक्रवारी पत्रांची पानं लावताना पेन्सिल खिशातच होती.

कागद छातीशी धरून ते उठून दारापर्यंत गेले. शिपायानं हटकलं, "अंदर नक्को साब, बैठो." पुन्हा बसले.

तासाभरानं दार उघडलं. आधी रितेश बाहेर आला, चेहरा पडलेला पण पार हरलेला नाही. मग मेधाताई, खूश.

"काका, झालं! हुकूमच दिला लगेच," ती म्हणाली. "बाईंचं नाव, ओळख, पत्रांतली एकही ओळ छापायची नाही. पण स्वगत दुसऱ्या कोणाच्या तरी पत्रातून आलं, एवढी गोष्ट ते लिहू शकतात. ते सत्य आहे आणि नाटक लोकांचं आहे, म्हणाल्या. मूळ पत्रं काकूंना परत. आणि संच काकूंशिवाय आम्हा कोणाला दाखवला नाही, पण इतका नीट लावलेला होता की जज्जबाई म्हणाल्या, असे कागद आले की काम सोपं होतं. हुकमात सगळीकडे पान नंबर आहेत. पोर्टलच्या वकिलाचा मुन्शी कोण आहे, हुशार दिसतो!"

मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं. भारतीबाई त्यांच्या मांडीवरच्या कागदांकडे बघत होत्या. नऊचा आकडा, भोवती गोल, खाली बारीकशी फट.

रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. मुकुंदराव एकदा म्हणाले, "ऊन फार आहे."

घरी आल्यावर भारतीबाईंनी पदर खोचला, चहा टाकला, एक कप त्यांच्यापुढे ठेवला. मग स्वयंपाकघरातून ती जुनी वही आणली आणि कपाशेजारी ठेवली.

"किती वेळ लागला लाख काढायला?"

"भारती, मी..."

"तो रितेश आहे ना, आज आत जायच्या आधी माझ्याजवळ आला. म्हणाला, बाई, तुम्ही हो म्हणालात तर आत्ता हात जोडून छापतो, नाही म्हणालात तर माझे वकील काय बोलायचं ते बोलतील, पण तुमच्यावर माझा राग नाही. मी नाही म्हटलं. त्यानं मान डोलावली. पेपरवाला तो, त्याचं पोट आहे त्यावर." भारतीबाईंनी कप पुढे सरकवला. "तुम्हाला तर मी कोर्टाच्या आधी नाही म्हटलं होतं. त्यांच्यासाठी हुकूम लागला. तुमच्यासाठी मी नुसता शब्द मागितला. मला वाटलं, तेवढा पुरे."

मुकुंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलो," ते म्हणाले. "आकडे कधी घातले, मला खरंच कळलं नाही."

"ते मला माहीत आहे. तुम्हाला कळलं असतं तर घातले नसते." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "एकोणिसाव्या पानावर काय होतं, वाचलंत ना?"

"वाचलं."

"आणि वाचून त्यावर एकोणीस घातलात."

आता या घटकेला कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पाय धरले असते, निदान चहा तरी प्याला असता. पण चार दिवस आत धुमसत होतं ते या गृहस्थांना दाबता आलं नाही.

"पण हसू कशाचं आलं तुला?" ते म्हणाले. "त्याला लिहिलंस, हसू आलं. माझं हसू त्याला कशाला सांगायचं?"

भारतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही, तो राग केव्हाच खाली बसला होता.

"पान हरवलं तर कळायला हवं म्हणणारा माणूस मला मिळाला होता," त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्याला म्हटलं, आता पत्र नको. हे मी एक दिवस तुम्हाला वाचून दाखवणार होते. आज नाही, उद्या नाही, पण दाखवणार होते."

त्यांनी वही उचलली, आतल्या खोलीतल्या कपाटाशी गेल्या. मुकुंदरावांना डब्यातल्या किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकू आला. एक लागेना, दुसरी लागेना, मग एक लागली. गंजलेली होती, फिरायला वेळ लागला. भारतीबाई बाहेर आल्या, किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "चहा गार होतोय. आमटी मला वही न बघता येते."